सोड म्हणायचं राहिलं

शेषरावला शेवटची आंघोळ घालायला अंगणात पाट मांडला, तेव्हा त्याचे हात दिसेनात. म्हणजे हात होते, पण पाठीखाली होते... दोन्ही. खाटेवर उताणा पडलेला, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर काही त्रास नाही, आणि हात कमरेखाली एकात एक घातलेले, मुठीत दुपट्ट्याचं टोक. गावातल्या माणसांनी त्याला उचललं, पण ते हात बाहेर काढायला दोघांना जोर करावा लागला. एक जवान माणूस होता, गावात नवीन दुकान टाकलेला, त्याला मागचं काही माहीत नाही. तो बोलून गेला, "आबा, यायचे हात असे मांगं काऊन हायेत?" जे म्हातारे होते त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि लगेच खाली पाहिलं. मी म्हणालो, "काही नाही बापू, त्याची झोपायची सवयच होती तशी." ही पोळ्यानंतरची गोष्ट. आता दसराही होऊन गेला. भावाच्या प्रेताजवळ उभं राहून मी जे बोललो ते खोटं होतं, आणि तेवढं मागं घ्यावं म्हणून हे लिहायला बसलो. माझी शाळा चौथीपर्यंत. चूक मान्य करायची सवय तर तेवढीही नाही.

शेषराव माझा लहान भाऊ. आमचं गाव डोणगावच्या अंगाला. आईबाप लवकर गेले, त्याला मीच वाढवला, म्हणून तो मला भाऊ कमी आणि बाप जास्त समजायचा. अंगानं मात्र उलटं होतं. मी हाडानं बारीक, आणि तो दारातून आत यायचा तर घरात अंधार पडायचा. माझी नात आम्हाला मोठे आबा आणि लहान आबा म्हणते. पाहुणे हसायचे, म्हणायचे, अबे हा लहान कसा! लोक त्याला बुद्धीनं कमी म्हणत. तसं नव्हतं. सांगितलेलं त्याला पक्कं कळायचं, न सांगितलेलं कळायचं नाही, एवढंच. आणि ताकदीला माप नव्हतं. हापशीचा दांडा त्यानं पाणी भरता भरता मोडून हातात आणला आणि माझ्यापुढं ठेवला, म्हणे, "भाऊ, हे निंगालं." कुलपात किल्ली फिरवायला सांगितली तर किल्ली पिळून यायची. मारुतीपुढचा गोटा, जो उचलायला जवान पोरं लंगोट कसून यायची, तो हा अंगात सदरा असताना छातीशी घ्यायचा आणि माझ्याकडं पाहत उभा राहायचा. हिवरा आश्रमाला पंगती असल्या की आम्ही सेवेला जायचो. भाजीची भरली कढई एका बाजूनं चार माणसं काठ्या घालून उचलत, हा दुसऱ्या बाजूनं एकटा धरायचा. लोक विचारायचे, कोणाचा हो हा? मी म्हणायचो, माझा. तो शब्द म्हणताना माझी मान वर व्हायची. त्याच्या अंगातली ताकद मी अशी सांगायचो जशी ती माझ्या अंगातली आहे.

आमच्या शेतात विहीर खोदली तेव्हा मी खाली आणि तो वर, असं काम होतं. खाली मी सुरुंगानं फुटलेला दगड टोपल्यात भरायचो, चाकावरून दोर गेलेला, वर शेषराव ओढायचा. विहिरीच्या कामात वरच्या माणसाचा हात म्हणजे खालच्या माणसाचा जीव. म्हणून मी त्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "म्या सोड म्हटल्याशिवाय दोर सोडायचा नाही. आभाळ पडलं तरी नाही." त्यानं ते गाठ मारून ठेवलं. एकदा संध्याकाळी काम आटोपून मी दोराला धरून वर येत होतो. निम्म्यावर आलो आणि चाकाचं लाकूड कडकन मोडलं. चाक माझ्या कानाजवळून खाली गेलं. मला वाटलं, संपलं. पण दोर सुटला नाही. तो विहिरीच्या काठावर पाय रोवून, मागं रेलून, नुसत्या हातांवर मला धरून होता. तसाच त्यानं मला वर ओढला. मी काठावर आलो, जमिनीवर पडलो, दम लागलेला, तोंडातून शब्द फुटेना. तो दोर धरून उभाच. मी म्हणालो, "सोड बे आता." तेव्हा सोडला. दोराला रक्त होतं, तळव्याची कातडी दोरालाच राहिली होती. आणि हा मलाच विचारतो, "भाऊ, तुले लागलं काय?"

म्हणजे ज्या हातांबद्दल मी पुढं लिहिणार आहे, त्या हातांनी मी जिवंत आहे. हे आधी लिहून ठेवतो, नाहीतर मी ते टाळीन.

नामदेव माझा लहानपणापासूनचा दोस्त. आमची शेतं धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून. शेषराववर त्याचा फार जीव. डोणगावच्या बाजारातून आला की पिशवीतून शेव-मुरमुरे काढायचा आणि शेषरावला हाक मारायचा, "ये बे भीमा, तुह्या वाट्याचं खाय." त्याची घरवाली शांताबाई म्हणायची, आमच्या लेकरापेक्षा यांना शेष्याचंच जास्त पडलंय. एका वर्षी वखरताना नामदेवचा वखर धुऱ्याच्या आत आला. एक तास, म्हणजे एक ओळभर, इकडं सरकला, बाकी काही नाही. बैलानं नेलं असेल. पण मी धुऱ्यावर उभा राहून नको ते बोललो, आणि तोही मग बोलला. त्यानंतर सारा हंगाम आम्ही एकमेकांच्या शेजारी पेरलं, निंदलं, आणि एक शब्द बोललो नाही. तो दोनदा बांधावर येऊन खोकलला. मला कळत होतं कशासाठी खोकलतो. मी मान वर केली नाही.

मग दसरा आला. आमच्याकडं संध्याकाळी सगळे पुरुष शिवेवर जाऊन सोनं लुटतात, परत येऊन मारुतीच्या पारापुढं जमतात, आणि वर्षभरात ज्यांचं बिनसलं त्यांना म्हातारे लोक समोरासमोर उभं करतात. आपट्याची पानं हातात द्यायची आणि गळाभेट घ्यायची. मग ते भांडण गावानं विसरायचं. त्या दिवशी आमचं दोघांचं नाव निघालं. पाटीलबुवा म्हणाले, "या रे पुढं. झालं गेलं त्याच धुऱ्यात गाडून टाका." नामदेव लगेच आला. दोन्ही हात पसरून आला, हसत आला. "ये बे, म्हातारा होईपर्यंत फुगूनच राह्यतं काय?" सारा गाव पाहत होता. मला दोन पावलं टाकायची होती. ती टाकावी असं मनात नव्हतं असंही नाही... पण तो आधी हसला, लोकही हसले, आणि माझ्या डोक्यात गेलं. मी जागचा हललो नाही. शेजारी शेषराव उभा होता, त्याच्या पाठीवर थाप मारून मी म्हणालो, "मले कायले? हा हाय ना माह्याकडून. जाय शेष्या, भेट त्याले. चांगलं दाबून भेटजो."

लोकांना मोठी गंमत वाटली. कोणी ओरडलं, "नामदेवा, आता पाहाय तुही मजा!" शेषरावला तर सण झाला. भाऊ त्या घरी जाऊ देत नव्हता, शेव-मुरमुरे बंद झाले होते, आणि आता भाऊच सांगतो की भेट. तो धावत गेला, नामदेवला मिठीत घेतलं आणि वर उचललं. नामदेवचे पाय लोंबायला लागले, एक चप्पल गळून पडली. तो हसत हसत म्हणत होता, "अबे हळू, भीमा! सण हाय, कुस्ती नाही!" शेषरावनं त्याच्या खांद्यावरून माझ्याकडं पाहिलं. तो वाट पाहत होता. गोटा उचलला की पाहायचा तसा, दोर धरला की पाहायचा तसा. मी सोड म्हणायची वाट. आणि मी म्हणालो नाही. नामदेवचे पाय साऱ्या गावापुढं हवेत हलत होते, ते मला बरं वाटत होतं. अजून थोडं राहू दे असं वाटत होतं. मग कापसाची वाळली पराटी मोडावी तसा आवाज आला. नामदेवचं हसणं मधेच तुटलं. मी "सोड" म्हणून ओरडलो, आणि शेषरावनं त्याच क्षणी सोडलं, अगदी सांभाळून, पोतं ठेवावं तसं जमिनीवर ठेवलं.

जीपनं मेहकरला नेलं, तिथून मोठ्या दवाखान्यात. बरगड्या मोडून आत फुप्फुसात गेल्या होत्या. पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा नामदेवला बोलताना धाप लागत होती, तरी त्यानं सांगितलं, प्रेमानं भेटला, त्याच्या मनात काही नव्हतं. गावानंही तेच सांगितलं. मला कोणी काही विचारलं नाही. मी तर त्याला हातही लावला नव्हता. मी दवाखान्याच्या फाटकापाशी बसून राहिलो, शेवटी शांताबाईच म्हणाली, जा, तुम्हाला बोलावतात. आत गेलो. नामदेवनं डोळे उघडले आणि म्हणाला, "तू काऊन नाही आला बे?" तो पाराची गोष्ट बोलत होता, हे मला चांगलं कळलं. तरी मी म्हणालो, "आलो ना, हा काय उभा हावो." त्यानं तोंड भिंतीकडं केलं. तो गेला तो त्याच आठवड्यात.

नामदेवच्या मातीहून घरी आलो. शेषराव ओसरीवर बसला होता. रडत नव्हता, स्वतःचे तळवे उलटेसुलटे करून पाहत होता. विहिरीच्या दोराचे वण होते त्यावर. मला पाहून म्हणाला, "भाऊ, म्या तं तुह्याकडंच पाहून राह्यलो होतो." तेवढं वाक्य मला सहन झालं नाही. मी दरडावलो, "आजपासून कोनत्याच मानसाले हात लावायचा नाही. हात मांगं. समजलं?" तो उठून उभा राहिला, हात मागं घेतले. "कधीपर्यंत, भाऊ?" मी म्हणालो, "म्या सोड म्हणेपर्यंत."

त्यानं ते म्हातारपणापर्यंत पाळलं. ढोरांना हात लावायचा, अवजाराला लावायचा, माणसाला नाही. कामातून मोकळा झाला की दुपट्टा पाठीमागं घ्यायचा आणि दोन्ही मुठीत धरून ठेवायचा, म्हणजे हात चुकून पुढं यायला नकोत. गावातून चालला की पोरं त्याच्यामागं तसेच हात करून चालायची, तो मागं वळून हसायचा. लग्नाच्या दोन जागा आल्या. त्यानं मला एकट्याला विचारलं, "भाऊ, बायको म्हंजे मानूसच ना?" मी दुसरीकडं पाहिलं, आणि जागा परत गेल्या. दसऱ्याला तो सगळ्यांच्या आधी सोनं घेऊन निघायचा. पण कोणाच्या हातात द्यायचा नाही. दारापुढं वाकायचा, उंबऱ्याशी पानं ठेवायचा, दोन पावलं मागं सरकायचा, हात मागं. पहिलं घर नामदेवचं. शांताबाई आतून यायची, वाकून ती पानं उचलायची, डोक्याला लावायची.

एका दसऱ्याला ती माझ्या दारी आली. पदर सावरून उभी राहिली, बसली नाही. म्हणाली, "भाऊजी, माहा मानूस गेला. म्या त्याले कवाच माफ केलं. तुमी त्याचे हात सोडा आता. पाहावत नाही मले." मी म्हणालो, "आमच्या घरातलं आमी पाहू, शांताबाई." ती माझ्याकडं पाहत राहिली आणि म्हणाली, "मंग पाहा." त्यानंतर माझ्या दारात कधी आली नाही. शेषरावच्या दहाव्याला आली, तेवढीच.

तिचं मी का ऐकलं नाही, हे तेव्हा मला सांगता आलं नसतं. आता येतं. शेषराव गल्लीतून हात मागं धरून चालला की बघणाऱ्याला कळायचं, दोष त्या हातांत आहे. रोज कळायचं. ते हात मी मोकळे केले असते तर लोकांनी विचारलं असतं, मग दोष कुठं होता? आणि पारापुढं जो माणूस हात खाली सोडून उभा होता, त्याच्याकडं पाहिलं असतं. माझी इज्जत त्याच्या दुपट्ट्यात बांधलेली होती. मी ताठ मानेचा म्हणून गावात माझा मान आहे. ती मान ताठ राहावी म्हणून एका माणसानं जन्मभर कोणाला शिवलं नाही.

माझ्या मुलाचं लग्न झालं, घरात सून आली, सुनीता, जालन्याकडची. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. ईश्वरी झाली तेव्हा तिनं बाळ दुपट्यात गुंडाळून शेषरावपुढं केलं, "काकाजी, घ्या ना." त्याचा चेहरा असा झाला की... त्यानं आधी माझ्याकडं पाहिलं. मी तंबाखू मळत होतो, मळत राहिलो. तो दोन पावलं मागं सरकला आणि म्हणाला, "नोको माय, मी इथूनच पाहतो." पुढं पोरगी चालायला लागली, ती त्याच्याच मागं. तो खाली बसायचा, ती त्याच्या पाठीवर चढायची, गळ्याला हात घालायची. तो हात मागं धरून तसाच बसायचा, हलायचा नाही, झाडासारखा. ती उतरताना पडली तर तो जोरानं हाक मारायचा, "सुनीता, धाव!" स्वतः धरायचा नाही. एकदा तिचा गुडघा फुटला. सून त्याच्यावर चिडली, "काकाजी, हाताजवळ लेकरू पडलं, अन् तुम्ही नुसतं पाहिलं?" त्यानं दुपट्टा अजून घट्ट धरला. खरं कारण मी तिला सांगितलं नाही.

वर्षभरात तो खंगला. पायावर सूज, जिना चढल्यासारखा दम, बसल्याजागी. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं पंपिंग कमी झालंय, वय आहे, जपा. पोळ्याला बैलांच्या खांद्याला तूप-हळद लावायला त्याला खाटेवरून उठवून नेलं, तेव्हा बैलानंच त्याला आधार दिला असं दिसत होतं. पोळ्यानंतरच्या दिवसांत एका दुपारी गावातले दोघं-तिघं त्याला पाहायला आले होते. ओसरीवर चहा चालला होता. ईश्वरी त्याच्या खाटेवर बसून पाटीवर काहीतरी काढत होती. त्यानं मला जवळ बोलावलं. आवाज अगदी बारीक झाला होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "भाऊ, आता तं पान्याचा गलास उचलत नाही माह्यानं. हात सोडू का? पोरीच्या डोक्यावरून एकडाव फिरवतो... बस." ओसरीवरचे लोक चहा प्यायचे थांबले. सगळ्यांना माहीत होतं, सगळे माझ्या तोंडाकडं पाहत होते. मला एक शब्द बोलायचा होता. जन्मभर त्याला हजार वेळा म्हटलेला शब्द. पण चारचौघांत त्यानं मागितला, आणि पुन्हा तेच झालं, डोक्यात गेलं. मी म्हणालो, "गुमान पड. काहीबाही बोलू नको, दम लागते." त्यानं "हाव" म्हटलं. मी सोयाबीन पाहायला शेतात निघून गेलो.

सोयाबीनमध्ये पाहायला काही नव्हतं. विहिरीच्या काठावर बसलो होतो. तिथंच फोन वाजला. सून म्हणाली, "मामाजी, घरी या." ती रडत नव्हती, तरी मला कळलं. घरी आलो तो पोरगी त्याच्याजवळच बसलेली. म्हणाली, "लहान आबा झोपले." हात तर तुम्हाला सांगितलेच, कुठं होते ते. सोडू का विचारलं, सोड म्हटलं नाही, म्हणून त्यानं ते पाठीखाली घेतले आणि स्वतःचं वजन त्यांच्यावर ठेवलं.

या दसऱ्याला आमच्या घरी वर्षभराचं दुःख म्हणून सण नव्हता. तरी संध्याकाळी ईश्वरी कुठूनतरी आपट्याची डहाळी घेऊन आली. मी ओसरीवर, त्याच्याच खाटेवर बसलो होतो. ती माझ्यापुढं आली, वाकली, दोन पानं माझ्या पायांपुढं जमिनीवर ठेवली, दोन पावलं मागं सरकली आणि हात मागं घेऊन उभी राहिली. सहा वर्षांची पोर. मी म्हणालो, "अशी काऊन ठेवली व, खाली?" तर ती म्हणते, "सोनं असंच देतात ना! लहान आबा असंच देत होते."

तिनं दसरा त्याच्याकडूनच पाहिला होता. सोनं जमिनीवर ठेवायचं आणि आपले हात लपवायचे, एवढंच तिला माहीत. ती तशीच उभी, मी काय म्हणतो त्याची वाट पाहत. ती नजर मी ओळखतो.

"सोड ते हात, माय," मी म्हणालो. "सोनं हातात द्यायचं असते."

तिनं पानं उचलली, पुढं आली, माझ्या तळव्यावर ठेवली आणि आपला हात तिथंच राहू दिला. लहानसा, गरम. तो धरायचा होता. पण किती जोरानं धरायचा ते मला समजेना... मी हात नुसता उघडा धरून बसलो.